सातबाऱ्यावर कुळाचे नाव आणणारा नेता

तळोजा हे नाव मुंबई-ठाण्याच्या वाचकाला बहुधा तीन कारणांनी ठाऊक असते. एक औद्योगिक वसाहत, दुसरे मध्यवर्ती कारागृह आणि तिसरे परवडणाऱ्या घरांच्या जाहिराती. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाल्यापासून या जाहिरातींचा आकार आणखी वाढला. दिवा-पनवेल मार्गावरच्या रेल्वेस्थानकाने मात्र जुन्या गावाचे नाव सोडलेले नाही. पाटीवर अजूनही तळोजे पाचनंदच आहे. या परिसरातील अनेक इमारती ज्या भूखंडांवर उभ्या आहेत, त्यांना व्यवहारात साडेबारा टक्क्यांचे भूखंड म्हणतात. घर घेणारा त्या शब्दाच्या मागे सहसा जात नाही. वकील मात्र जातो. आधी सिडकोचा करारनामा, त्यामागे भूसंपादनाचा निवाडा, त्यामागे सातबारा आणि सातबाऱ्यामागे फेरफाराच्या नोंदी. पनवेल तालुक्यातल्या कितीतरी जुन्या फेरफारांत एक नोंद हमखास भेटते : कुळ कायद्याच्या कलम ३२ ग प्रमाणे किंमत ठरली, कलम ३२ म प्रमाणे दाखला मिळाला, सबब कब्जेदार म्हणून कुळाचे नाव दाखल.

दोन ओळींची ही रुक्ष सरकारी नोंद मिळवायला कोकणातल्या कुळांना अर्धे आयुष्य मोजावे लागले. ती ज्या लढ्यातून आली तो लढा याच जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, अलिबाग तालुक्यातील चरी या लहानशा गावी झाला आणि त्याचे नेतृत्व नारायण नागू पाटील यांनी केले. १८९२ साली जन्मलेला आणि १९६८ साली निवर्तलेला हा नेता तळोज्याच्या शेतकऱ्याला जमिनीचा मालक झालेला पाहून गेला. त्या मालकीचे पुढे काय झाले, ते पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. अवघ्या दोन वर्षांचा तो फरक.

नारायण नागू आगरी समाजातले. पेझारी-पोयनाड हा त्यांचा टापू. अलिबाग आणि पेण यांच्या मधल्या या सखल भागाला खारेपाट म्हणतात. खारेपाटातली जमीन निसर्गाने तयार करून दिलेली नाही. खाडीच्या भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून, पावसाच्या गोड्या पाण्याने वर्षानुवर्षे मीठ धुऊन काढून माणसांनी ती शेतीलायक केली. बांधांची राखण गावकरी सामुदायिक पद्धतीने करीत. तिला जोळ म्हणत. भर अमावास्येला उधाण येऊन बांधाला खांड पडली, की सगळा गाव चिखलात उतरे, कारण एकदा खारे पाणी शेतात शिरले की काही वर्षे भाताची आशा नसे. अशी जमीन जो राखतो तीच तिची मालकी, असे कोणालाही वाटेल. कागद मात्र निराळे बोलत होता.

कोकणात खोती होती. सरकारचा सारा गावातून गोळा करून भरणारा मध्यस्थ तो खोत. ही मध्यस्थी वंशपरंपरेची झाली, ब्रिटिशांच्या १८८० च्या खोती कायद्याने तिला पक्की चौकट मिळाली आणि सारा गोळा करणारा हळूहळू जमिनीचा धनी होऊन बसला. अलिबागच्या बाजूला खोत, सावकार आणि जमीनदार या तीन भूमिका पुष्कळदा एकाच घरात नांदत. कुळ शेत करी आणि पिकाचा अर्धा वाटा मालकाच्या खळ्यावर नेऊन घाली. अशा कुळाला अर्धेलीचे कुळ म्हणत. अर्ध्यावर थांबले असते तरी गोष्ट वेगळी होती. पेरणीला उचललेले भात सवाईने किंवा दिढीने परत करायचे, मालकाच्या घरी वेठीला जायचे, सणावाराला भेट द्यायची. बांधावर आंबा लावला तरी झाड मालकाचे. वर दरवर्षी कबुलायत लिहून द्यायची. कबुलायत म्हणजे कुळाने मालकाला लिहून दिलेला करार. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते तो त्यावर अंगठा उठवी. एकाच माणसाच्या आजोबाने, बापाने आणि त्याने स्वतः तेच शेत नांगरलेले असे; कबुलायतीत मात्र तो दरसाल नव्याने आलेला उपरा ठरे, म्हणून हवे तेव्हा काढता येई.

नारायण नागू पाटलांनी जी गोष्ट इतरांच्या आधी ओळखली ती ही. खंड कमी करून मागणे, वेठ बंद करून मागणे हे आवश्यकच होते. पण मालकाची मर्जी फिरली की सवलत जाते. टिकते ती कागदावरची नोंद. कुळाचा जमिनीवरचा हक्क सरकारी दप्तरात आला पाहिजे, या एका मुद्द्याभोवती त्यांचे सारे राजकारण फिरत राहिले. १९२० च्या दशकात कोकणात खोतीविरुद्ध ठिकठिकाणी असंतोष होता. त्याला संघटनेचे रूप देण्यासाठी शेतकरी संघ उभा राहिला आणि नारायण नागू त्याचे अग्रणी झाले. त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे होते, महाडचे सुरबा टिपणीस होते. हे दोघेही १९२७ च्या महाड सत्याग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिलेले. त्यामुळे चवदार तळ्याचा लढा आणि कुळांचा लढा यांच्यात सुरुवातीपासून माणसांचा धागा होता. खोताचे कुळ आगरी असे, कुणबी असे, महारही असे. जातीने या तिघांना वेगळे ठेवले असले तरी कबुलायतीचा मजकूर सगळ्यांना सारखाच होता.

सभा सुरू झाल्या, तशा सरकारच्या बंदी हुकुमांनाही सुरुवात झाली. नारायण नागूंच्या भाषणांवर निर्बंध आले, काही काळ जिल्ह्यात सभाच घेता येईनात. त्याच वेळी जगभर मंदी आली होती. भाताचे भाव कोसळले. पिकाच्या वाट्यात कुळाकडे जे उरे त्याचे पैसेही आता कमी येऊ लागले. सावकाराचे देणे मात्र तसूभर घटले नाही. असंतोषाला पुढे ढकलायला याहून अधिक काही लागत नव्हते.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे सभा झाली आणि तीत संपाचा निर्णय झाला. मागण्या मान्य होईपर्यंत खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत. २५ गावे संपात उतरली.

गिरणी कामगारांचा संप मुंबईने पाहिला होता. शेतकऱ्याचा संप ही कल्पनाच चमत्कारिक वाटण्याजोगी होती. गिरणीचा कामगार संपावर गेला तर मालकाचा नफा बुडतो आणि कामगाराचा पगार. कुळ संपावर गेले तर त्याच्या स्वतःच्या घरातली चूल विझते, कारण त्याचा पगार म्हणजे त्याच शेतातला भात. १९२८ चा बारडोलीचा सत्याग्रह देशभर गाजला होता. पण तो जमीनधारकांनी सरकारच्या वाढीव साऱ्याविरुद्ध केलेला होता. बारडोलीच्या शेतकऱ्याच्या हाती जमीन होती आणि तिचे पीकही. चरीच्या कुळाकडे नकारापलीकडे काही नव्हते. स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासात बारडोलीला जेवढी पाने मिळाली तेवढ्या ओळीही चरीला मिळाल्या नाहीत, याचे एक कारण कदाचित हेच असावे. तिथे समोर परका होता, इथे आपलाच खोत होता.

संप एका हंगामात मिटेल असे कोणाला वाटले असेल तर ते चुकले. तो जवळजवळ सहा वर्षे चालला. सहा पावसाळे आले आणि गेले, शेते पडीक राहिली. माणसांनी रानातला पाला आणि कंद खाल्ले. जंगलात जाऊन लाकूडफाटा तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा आणि आलेल्या पैशांतून दिवस काढायचा, हा कित्येक घरांचा क्रम झाला. काही कुटुंबे मजुरीसाठी गाव सोडून गेली. चरीने सगळ्यांत जास्त सोसले. संपाच्या इतिहासात नेत्यांची नावे राहतात, ठरावांच्या तारखा राहतात. पण मोळी विकून आणलेल्या तांदळाची पेज किती माणसांना पुरवायची याचा हिशेब रोज संध्याकाळी बायकांना करावा लागत असे आणि सहा वर्षे तो हिशेब त्यांनी जमवला. नारायण नागूंच्या नेतृत्वाचे मोजमाप करायचे तर इथे करावे लागते. सभेत टाळ्या मिळवणे सोपे असते. उपाशी माणसाला दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षीही शेतात उतरू नको म्हणून सांगणे आणि त्याने ते ऐकणे, यासाठी सांगणाऱ्याविषयी निराळा विश्वास लागतो.

डिसेंबर १९३४ मध्ये चरी येथे शेतकऱ्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. संपकऱ्यांना बाहेरून मिळालेला हा सर्वांत मोठा आधार. पुढे १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा खोतीचा प्रश्न त्या पक्षाच्या कार्यक्रमात आला, त्यामागे कोकणातल्या या कामाचे वजन होते.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली आणि जमीन हा विषय प्रांतिक विधिमंडळाच्या हाती आला. या तांत्रिक वाटणाऱ्या बदलाने चरीच्या संपाचे भवितव्य पालटले. तोपर्यंत कुळाची मागणी कलेक्टरच्या दारात अडत असे. आता ती मुंबईच्या कायदेमंडळात मांडता येणार होती. १९३७ च्या निवडणुका झाल्या, बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला भरपाई देऊन मधून काढावे आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला रयतवारीतील कब्जेदाराचा दर्जा द्यावा, हा त्याचा गाभा. विधेयक पुढे सरकत नव्हते. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कोकणातली कुळे त्यासाठी मुंबईला आली होती. त्या काळी मुंबईने असे दृश्य फारसे पाहिलेले नव्हते.

हे विधेयक कधीच मंजूर झाले नाही. काँग्रेसमधल्या जमीनदारांचा विरोध आणि मंत्रिमंडळाची सावधगिरी यांत ते अडकून राहिले. पण दबावाचा परिणाम झाला. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरीच्या प्रश्नात लक्ष घातले, १९३९ मध्ये संप मिटला आणि त्याच वर्षी मुंबई प्रांताचा पहिला कुळ कायदा आला. १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला त्याने संरक्षित कुळ हा दर्जा दिला. मालक नव्हे, फक्त संरक्षित. तरीही कायद्याच्या भाषेत कुळ हा शब्द हक्काच्या अर्थाने प्रथमच उमटला. नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. या कायद्याची अंमलबजावणी आधी मोजक्या जिल्ह्यांत झाली; सगळ्या प्रांतात तो पोचायला १९४६ उजाडले.

संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, नारायण नागूंनी कृषीवल हे वृत्तपत्र काढले होते. शहरी वृत्तपत्रांना कुळांच्या बातमीत रस नव्हता, तेव्हा बातमीसाठी स्वतःचेच पत्र हवे, असा सरळ हिशेब. त्या पत्राच्या नावातच त्याचा वाचक सांगितलेला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वृत्तपत्र काढणे हा वेडेपणा वाटेल. पण खेड्यात एकजण वाचतो आणि दहाजण ऐकतात. कुळ कायद्याची कलमे अशीच गावात पोचली. कायदा होऊन चालत नाही, तो ज्याच्यासाठी झाला त्याला तो माहीत व्हावा लागतो, हे या नेत्याला वकील नसतानाही बरोबर कळले होते.

स्वातंत्र्यानंतर शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदींनी शेतकरी कामगार पक्ष स्थापन केला. कुलाबा जिल्ह्यात तो पक्ष रुजला तो संपाच्या जमिनीत. नारायण नागूंचे अनुयायी हेच त्याचे मूळ भांडवल. अलिबाग, पेण, उरण, पनवेल या पट्ट्यात पुढली कितीतरी वर्षे लाल बावट्याचे वर्चस्व राहिले. राज्यात इतरत्र पक्ष आक्रसत गेला तरी इथे तो टिकला, याचे मूळ १९३३ च्या सभेत शोधावे लागते.

कायद्यांची रांग आता वेगाने सरकू लागली. १९४८ मध्ये मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. खंडाला पिकाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याची कमाल मर्यादा आली. १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. आंबेडकरांच्या विधेयकानंतर बारा वर्षांनी! राज्यघटनेत मालमत्तेचा मूलभूत हक्क होता आणि त्याचा आधार घेऊन देशभरचे जमीनदार न्यायालयात जाऊ लागले, तेव्हा १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची जोडली गेली. त्या अनुसूचीत टाकलेला कायदा मूलभूत हक्काच्या भंगाच्या कारणावरून रद्द होणार नव्हता. अनुसूचीतल्या पहिल्या तेरा कायद्यांत दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा १९४८ चा कुळ कायदा आहे आणि सहाव्या क्रमांकावर खोती निर्मूलनाचा. चरीच्या चिखलातली मागणी देशाच्या घटनेच्या परिशिष्टात जाऊन बसली. १९५६ च्या दुरुस्तीने शेवटचे पाऊल टाकले : १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कसणारे कुळ त्या जमिनीचे मानीव खरेदीदार ठरले. मानीव म्हणजे खरेदीखत झाले नसले तरी झाले असे कायद्याने मानलेले. किंमत आकाराच्या २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली.

या यशाला छिद्रेही होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. कायदा येणार अशी कुणकुण लागताच अनेक मालकांनी कुळांकडून स्वखुशीचे राजीनामे लिहून घेतले. त्यातली खुशी कितपत होती हे सांगायला नको. पीकपाहणीत तलाठ्याने कुळाऐवजी मालकाचेच नाव लिहिले असेल, तर पिढ्यान् पिढ्या कसूनही ते कुळ कायद्यापुढे कुळच नव्हते. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर खरेदीचा दिवस पुढे ढकलला जाई. त्यातून निघालेले दावे नातवंडांच्या काळापर्यंत चालले. आणि शेतमजूर, ज्याच्या नावाने कबुलायतही नव्हती, तो या सगळ्या रचनेच्या बाहेरच राहिला. चरीच्या लढ्याने कागदावर हक्क मागितला आणि मिळवला. कागदच ज्याच्या वाट्याला आला नाही त्याचे उत्तर त्या लढ्यापाशी नव्हते.

तरीही १९५७ नंतर कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत जे घडले त्याचे मोल कमी होत नाही. तळोज्यापासून चरीपर्यंत ज्या घरात कधी जमिनीचा कागद नव्हता तिथे तलाठ्याचा उतारा आला. तो ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, जपून ठेवला जाऊ लागला. मालक झालेल्या कुळाला ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नसे. कलम ४३ चे हे बंधन त्याला सावकाराच्या मोहापासून वाचवण्यासाठी होते. (२०१४ पासून, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ही परवानगी टाळता येते. जमिनीच्या किमती पाहता ही रक्कम म्हणजे जवळजवळ काहीच नव्हे.)

नारायण नागूंची शेवटची वर्षे या नव्या मालकांच्या जिल्ह्यात गेली. १९६२ मध्ये राज्यात कमाल जमीन धारणेचा कायदा लागू झाला, त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. एक कायदा मोठ्या जमीनदाराकडून जमीन काढून घेणारा, दुसरी यंत्रणा उद्योगासाठी जमीन मिळवणारी. त्या वेळी दोन्हींकडे प्रगतीची पावले म्हणूनच पाहिले जात होते. १९६८ मध्ये पाटील वारले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. पनवेलमधल्या त्या गावांच्या यादीत तळोजे होते. तळोज्याच्या दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत पसरली आणि कासाडी नदीचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने बदलून गेले.

१९५७ ते १९७०. तेरा वर्षे. जी मालकी मिळवायला कोकणातल्या कुळाने दोन पिढ्या घालवल्या होत्या, ती इतकीच टिकली. या वेळी समोर खोत नव्हता, सरकार होते आणि त्याच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. राज्यघटनेने जमीन हा विषय राज्यांकडे दिला असला तरी भूसंपादन केंद्र आणि राज्य या दोघांच्या समाईक सूचीत आहे. कुळ कायदा मुंबईत झाला म्हणून कुळाला जमीन मिळाली. ब्रिटिशांचा जुना कायदा दिल्लीने तसाच चालू ठेवला म्हणून ती घेता आली. कुळाला जमीन संपच करून नाकारता आली होती. संपादनाला नकार देण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. तक्रार करायची ती भावाची.

भावाच्या त्या तक्रारीला लढ्याचे रूप दिले ते पनवेलचे आमदार आणि नंतर खासदार झालेले दि. बा. पाटील यांनी. जासईचे हे वकील शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे नारायण नागूंच्याच परंपरेतले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात प्रकल्पग्रस्तांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर सरकार वाकले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, हे धोरण १९९० च्या दशकात प्रत्यक्षात आले. तळोज्याच्या जाहिरातींतल्या त्या शब्दाचा उगम हा.

साडेबारा टक्क्यांचा भूखंड कोणाला मिळाला? सातबाऱ्यावर ज्याचे नाव होते त्याला. म्हणजे पुन्हा त्याच नोंदीवर सगळे येऊन ठेपले. ज्याच्या आजोबाने १९५७ नंतर किंमत भरून ३२ म चा दाखला घेतला, त्याचा नातू भूखंडाचा हक्कदार झाला. ज्याने धाकापोटी राजीनामा लिहून दिला किंवा ज्याचे नाव तलाठ्याने कधी लिहिलेच नाही, त्याच्या नातवाला काही दाखवता आले नाही. कातकरी, मिठागरातले मजूर, गावातले बलुतेदार यांचे पोट त्याच जमिनीवर आणि खाडीवर होते. त्यांच्या वाट्याला टक्का आला नाही. भूखंड मिळालेल्या घरांतही वारसनोंदीचे तंटे उभे राहिले, त्यांत लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे लावायची की नाही यावरून भावंडे न्यायालयात गेली. अनेकांनी भूखंड हाती येण्याआधीच बिल्डरशी करार करून टाकले.

चरीत २७ ऑक्टोबरला दरवर्षी संपाची आठवण जागवली जाते. तळोज्यात त्या दिवसाचे काही नाही. २०१६ मध्ये गाव पनवेल महापालिकेत गेले, सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक आणि कराचे बिल हीच कागदपत्रे रोजच्या ओळखीची झाली.

१ जानेवारी २०१४ पासून देशात नवा भूसंपादन कायदा लागू आहे. १८९४ चा कायदा त्याने रद्द केला. त्यात प्रकल्पबाधित कुटुंबाची व्याख्या करताना जमीनमालकाबरोबर कुळ, वाटेकरी, शेतमजूर आणि कारागीर यांचाही समावेश आहे. संपादनाआधी तीन वर्षे त्यांची मुख्य उपजीविका त्या भागात असली पाहिजे, एवढी अट. सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस भूसंपादनाच्या केंद्रीय कायद्याला प्रथमच दिसला तो असा, नारायण नागू पाटील यांच्या निधनानंतर ४५ वर्षांनी. तळोज्याच्या जमिनी तोवर जुन्या कायद्याखाली केव्हाच गेल्या होत्या.